जुन्या वस्तूंची पारख



मागच्या कार्यक्रमानंतर महूदकडच्या एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "जुनी कडबाकुट्टी मिळतेय, नऊ हजारांत. घेऊ का?" आम्ही हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी विचारलं, "चारा ढकलायचा पत्र्याचा ट्रे पुरता लांब आहे का? आणि पात्यांवर झाकण आहे का?" ताई म्हणाल्या, "ते काय बघितलं नाही बाई. चालू करून दाखवली, कडबा झक्कास कापला."

हे विचारायचं आम्हाला सुचलं, कारण आम्ही ते एकदा विचारलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी आमच्या गटानं अशीच एक जुनी कडबाकुट्टी घेतली. नवीच्या निम्म्याहून कमी पैशात मिळाली म्हणून पेढेसुद्धा वाटले. तिला झाकण नव्हतं आणि ट्रे कापून वीतभर ठेवलेला होता. विकणारा म्हणाला, "लांब ट्रेत चारा अडकतो, म्हणून कापला." आम्हाला पटलं. दोन महिने मशीन छान चाललं. मग श्रावणात ओला मका कापताना आमच्या एका वहिनींच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत गेली. दवाखान्याला जेवढे पैसे लागले, तेवढ्यात नव्या दोन कडबाकुट्ट्या आल्या असत्या. वहिनी आज भाकरी थापतात, धारा काढतात, सगळं करतात. सुईत दोरा मात्र लेकीकडून ओवून घेतात.

त्या ताईंना आम्ही सांगितलं, मशीन चांगलं असेल तर जरूर घ्या, पण झाकण आणि हातभर लांबीचा ट्रे वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतल्याशिवाय बटण दाबू नका. तो खर्च भावातून कापून मागा. आणि मशीन चालवताना पदर, ओढणी खोचलेली, हातात बांगड्या कमी. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळ्यांशीच बोलायला हवं. म्हणून आजचा विषय जुन्या वस्तूंचा. आम्ही जुनं घेऊ नका असं सांगणार नाही. आमच्यापैकी निम्म्या घरांतली मोटार, पाइप, बॅरल जुनीच आहेत. आटपाडी-खानापूर भागातले कितीतरी पुरुष गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेले, काही घरांतले पुण्या-मुंबईला. शेत बाईच बघते आणि हातात पैसा मोजका असतो. जुनं घेणं भागच आहे.

आपल्या तालुक्यात जुना माल इतका का मिळतो, हेही समजून घेऊ. सांगोला म्हणजे दुष्काळी तालुका. माण नदीला पाणी कधी असतं, कधी नुसती वाळू. अशा ठिकाणी डाळिंबानं लोकांना वर काढलं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे आपल्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली, ते तुम्हाला आठवत असेल. डाळिंबासाठी लोकांनी ठिबक केली, शेततळी खोदली, कागद अंथरला, फवारणीचे पंप घेतले, क्रेट घेतले. आधी तेल्या होताच. त्यात अवकाळी पाऊस, मर आणि खोडकिडा आला. खोडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडणारा तो किडा, पिन होल बोरर. २०२१-२२ च्या सुमारास आपल्याकडं बागाच्या बागा जेसीबीनं काढल्या गेल्या. बाग गेली तरी बागेचं सामान राहिलं. ते कुणी बांधावर टाकलं, कुणी भंगारात घातलं, कुणी शेजाऱ्याला विकलं. ज्याची बाग गेली त्याला पैशाची नड असते, म्हणून माल स्वस्त मिळतो. आपण घासाघीस करताना हे लक्षात असू द्यावं. समोरचाही आपल्यासारखाच असतो. त्याचं नुकसान झालंय म्हणून त्याला आणखी पिळू नये, असं आम्हाला वाटतं. व्यापाऱ्याशी मात्र पोटभर घासाघीस करावी.

आता ठिबकबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथंच होते.

जुनी नळी हातात घेतली की पहिल्यांदा ती दुमडा. दुमडल्यावर पांढरी रेघ उमटून बारीक चिरा दिसल्या तर ती नळी उन्हानं खाल्लेली आहे. पाण्याचा दाब आला की तिथंच फाटणार. दुमडून सोडल्यावर पूर्ववत झाली तर जीव आहे. मग जोड मोजा. उंदरानं, खारीनं कुरतडलेल्या जागी लोक जोड टाकतात. एका ओळीत चार-पाच जोड असतील तर ती नळी तुकड्यांचीच समजा. नंतर ड्रिपर बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळं ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो चुन्याचा क्षार आहे आणि आम्लप्रक्रियेनं निघू शकतो. बुडबुडे आलेच नाहीत आणि आत हिरवट, बुळबुळीत काही असेल तर ते शेवाळ. त्याला क्लोरिनची प्रक्रिया लागते. आम्ल वापरायची वेळ आली तर एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधी ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. हातमोजे आणि चष्मा घालून, ज्यानं हे आधी केलंय अशा माणसाला सोबत घेऊनच करा.

सगळ्यात खरी परीक्षा पाणी सोडून. विकणाऱ्याची मोटार चालू असेल तर दोन-तीन ओळी जोडून बघू द्या म्हणावं. तासाला चार लिटरचा ड्रिपर असेल तर पंधरा मिनिटांत एक लिटर पाणी पडायला हवं. घरातलं लिटरचं माप घेऊन जा. ओळीच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी असं तीन ठिकाणी माप लावा. सुरुवातीला लिटर आणि शेवटी पावशेर पडत असेल, तर तुमच्या शेवटच्या झाडांनी काय प्यायचं?

किती नळी लागेल याचा हिशोबही घरूनच करून जा. डाळिंबाची लागण पंधरा बाय दहा फुटांवर असेल तर एकरात सुमारे २९० झाडं बसतात. दोन ओळींत पंधरा फूट अंतर धरलं तर एकेरी नळी एकरी साधारण ८८५ मीटर लागते, दुहेरी टाकली तर १७७० मीटर. बंडल मोजून न घेता "दोन एकरांची आहे" या शब्दावर घेतलं की घरी आल्यावर अर्धा एकर उघडा राहतो. आमचा राहिला होता.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी ठिबक घेण्याआधी नवी किती रुपयांत पडेल ते बघितलंय का? केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ठिबकसाठी ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान असतं. त्यावर आपल्या राज्याचं पूरक अनुदान धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. हे टक्के सरकारनं ठरवलेल्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नसतात. तरीही शंभर रुपयांच्या संचाला आपल्या खिशातून पंचवीस-तीस रुपये गेले असं धरलं, तर त्याच पैशात गुंडाळून ठेवलेली जुनी नळी घेण्यात काय हशील? अडचण एवढीच, की आधी पैसे आपण घालायचे आणि अनुदान मागून खात्यात येतं. त्या मधल्या काळासाठी गटाचं कर्ज वापरता येतं. आम्ही दोघींना तसं दिलं होतं, दोन्ही परत आली. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. सातबारा बाईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावानं होतो. त्याच गटावर आधी अनुदान घेतलं असेल तर सात वर्षं पुन्हा मिळत नाही, हे मात्र आधी बघून घ्या. ज्यांचं असं अडकलंय, किंवा जमीन वाट्यानं केलेली आहे, त्यांच्यासाठी जुनी ठिबक ठीक.

फिल्टरचं वेगळं सांगतो. जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर जुना घेतला तरी चालतो, आतली जाळी, चकत्या नव्या टाकता येतात. वाळूच्या फिल्टरचा पत्रा तळाशी ठोकून बघा, गंजून पापुद्रा झालेला असेल तर ओझं वाहून आणू नका.

शेततळ्याच्या जुन्या कागदाबद्दल थोडक्यात. पाण्याच्या पातळीपाशी उन्हात राहिलेला पट्टा आधी जातो, तळातला कागद बहुधा शाबूत असतो. रात्री खाली बॅटरी धरून बघितलं की भोकं चांदण्यांसारखी दिसतात. पुन्हा शेततळ्याला तो लावायच्या भानगडीत पडू नका. मुरघासाच्या खड्ड्याला, कडब्याच्या गंजीवर, शेळ्यांच्या गोठ्याला पावसाळ्यात आडोसा म्हणून मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

क्रेट घेताना त्यावरचं नाव वाचा. आडत्यांचे आणि व्यापाऱ्यांचे क्रेट नावानिशी छापलेले असतात आणि ते परत द्यायचे असतात. कुणी तसले पन्नास क्रेट कवडीमोलानं देत असेल तर ते त्याचे नसण्याचीच शक्यता जास्त. नाव नसलेले चांगले मिळाले तरी साबणाच्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवूनच आपल्या बागेत न्या.

आता बॅरल. निळी दोनशे लिटरची बॅरलं बाजारात लागलेली असतात. जीवामृताला लागतात, गुरांच्या पाण्याला लागतात, लग्नकार्यात लागतात, आणि टंचाईच्या दिवसांत टँकरचं पाणी भरायलाही हीच लागतात. भीती तिथंच आहे. त्या बॅरलात आधी काय होतं? खाली त्रिकोणात २ हा आकडा असला की विकणारा सांगतो, "खाण्याचं प्लास्टिक आहे, ताई." तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. आत काकवी होती की कारखान्यातलं रसायन, ते तो सांगत नाही. मूळ लेबल शाबूत असेल तरच घ्या, आणि ते वाचता येणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. लेबल खरवडलेलं असेल, झाकण उघडल्यावर औषधाचा वास येत असेल, तर प्यायच्या पाण्याला, धान्याला, जनावरांच्या पाण्यालासुद्धा ते बॅरल नको. धुऊन वास जातो, आत मुरलेलं जात नाही.

कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यांचंही हेच. डब्यावर चौकोनी कंगोऱ्याची खूण असते आणि तिच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा आहे म्हणून त्या डब्यात गोडेतेल ठेवायचं नसतं. डबा तीनदा विसळायचा, विसळलेलं पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतायचं, आणि डब्याला भोक पाडायचं म्हणजे तो पुन्हा कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार नाही. भंगारवाल्याला त्याचे चार रुपये येतात, ते जाऊ द्यावेत.

डाळिंबाच्या दोन गोष्टी अशा आहेत की त्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. एक म्हणजे काढून टाकलेल्या बागेतलं सरपण. खोडकिड्यानं गेलेली झाडं तोडून कुणी म्हणतं, "वहिनी, न्या जळणाला, पैसे नकोत." आपल्याला वाटतं बरं झालं, वर्षाचं जळण झालं. ते आपण आणतो आणि बागेच्या कडेला रचून ठेवतो. किडा लाकडात जिवंत असतो. तो तिथून निघून आपल्या झाडावर जातो. असं लाकूड जिथल्या तिथं लगेच जाळायचं असतं. दुसरी गोष्ट कलमं. तेल्या झालेल्या बागेतली गुटी कलमं निम्म्या किमतीत मिळतात, दिसायला टवटवीत असतात. तेल्याचा जिवाणू कलमातून येतो, कात्रीतून येतो, पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो. कलमात शंभर-दोनशे रुपये वाचवले आणि तीन वर्षं वाढवलेली बाग पहिल्या बहारात काळी पडली, असं आपल्याच आजूबाजूला घडलंय. कलमं परवानाधारक रोपवाटिकेतूनच, पावती घेऊन. शंका असेल तर सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तिथले शास्त्रज्ञ शेतकऱ्यांशी बोलतात, आणि शेतकरी म्हणजे बाईसुद्धा. जुनी छाटणीची कात्री घेतली तर ती सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवूनच वापरा, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातानाही बुडवा.

मोटारीकडं येऊ. विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला जाण्याचं दुःख आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे! चोरलेली मोटार शेवटी कुठं जाते? कुणीतरी स्वस्तात घेतो म्हणूनच चोरी होते. मोटारीवरची कंपनीची पट्टी काढलेली असेल, नंबर घासलेला असेल, विकणारा गाव सांगायला का-कू करत असेल, "आत्ताच्या आत्ता न्या, संध्याकाळी भाव वाढेल" म्हणत असेल, तर तिथून निघावं. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसा संशय यायला जागा असताना घेतला, तर घेणाराही गुन्हेगार ठरतो. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१७ आहे. पोलीस मोटार नेतात, पैसे तर गेलेलेच असतात, आणि वर गावात नाव होतं.

मोटार चालू करून बघा. अर्धा तास पाणी उपसू द्या. वायरमनला सोबत न्या, त्याच्याकडं करंट मोजायचा चिमटा असतो. पाच एच.पी.च्या थ्री फेज मोटारीला साधारण साडेसात अँपिअर करंट लागतो. दहा-बारा दाखवत असेल तर ती जळायच्या मार्गावर आहे, किंवा आतून घासतेय. वाइंडिंग तांब्याचं आहे की अॅल्युमिनियमचं, तेही विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. आपल्या विहिरीची, बोअरची खोली सांगा. शेजाऱ्याच्या चाळीस फुटांच्या विहिरीवर धो धो चालणारी मोटार आपल्या तीनशे फुटांच्या बोअरवर चालेलच असं नाही.

ट्रॅक्टरचा व्यवहार बहुतेक घरात पुरुषच करतात. आपल्याला सही करायला बोलावतात, किंवा तेही नाही. पण कर्ज फेडताना दागिना आपलाच जातो, म्हणून माहिती असावी.

जुना ट्रॅक्टर बघायला जायचं ते सकाळी, न सांगता. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गार असेल तर ठीक. गरम असेल तर तो आधीच चालू करून ठेवलाय, म्हणजे थंडीत चालू व्हायला कुरकुर करत असणार. धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिनाचं काम निघणार. काळा धूर सतत येत असेल तर डिझेलकडं काहीतरी बिघाड आहे. ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. रोटाव्हेटर जोडून वर उचलायला सांगा आणि इंजिन बंद करा. पाच मिनिटांत तो खाली बसला तर हायड्रॉलिक गेलंय. मागचे टायर झिजलेले असतील तर नव्या जोडीची किंमत विचारून तेवढी भावातून वजा करा. मीटरवरचे तास कमी दाखवले म्हणून भुलू नका, मीटरची तार सोडून ठेवलेले ट्रॅक्टर असतात. त्यापेक्षा क्लचच्या पायटीची झीज बघा. रबर गुळगुळीत झालेलं असेल आणि मीटर आठशे तास म्हणत असेल, तर पायटी खरं बोलतेय.

कागद तर इंजिनाइतकेच महत्त्वाचे. आपल्या भागातल्या गाड्या अकलूजच्या आरटीओत नोंदतात, त्यांच्यावर एम.एच. ४५ असतं. आरसी बुक हातात घेऊन चेसिस आणि इंजिनाचा नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवा. ट्रॅक्टरवरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठतो. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का ते बघा. असेल तर तो उतरल्याशिवाय, म्हणजे बँकेचा ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म मिळाल्याशिवाय, पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ट्रॉलीची नोंद वेगळी असते, हे बरेच जण विसरतात. "नाव काय, सावकाश करू" असं करून लोक वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाचा ट्रॅक्टर चालवतात. अपघात झाला की ज्याचं नाव आरसीवर, भरपाईसाठी त्यालाच धरतात. विम्यावाला वेगळाच वाद घालतो. विकणारी तुम्ही असाल तर ही काळजी तुम्हालाच जास्त.

गुढीपाडवा, दसरा झाला की नव्या ट्रॅक्टरच्या बदल्यात दिलेले जुने ट्रॅक्टर विक्रीला येतात. तेव्हा निवड भरपूर असते. पेरणीच्या तोंडावर मात्र भाव विकणाऱ्याच्या हातात जातो. ताडपत्रीचंही तसंच, ती मृगाच्या आधी महाग आणि पौषात स्वस्त.

बचत गटानं मिळून वस्तू घेतली तर ती कुणाच्या नावावर, हा प्रश्न आधी सोडवा. आमच्यात एक पॉवर टिलर अध्यक्षबाईंच्या नावानं घेतला होता, ठेवलाही त्यांच्याच पडवीत. बाई भल्या, पण पुतणे तो वापरायचे आणि डिझेल गटाच्या खात्यावर लागायचं. वाद झाला, दोघी गट सोडून गेल्या. आता ठराव लिहितो. वस्तू कुणी किती पैसे घालून घेतली, कुठं राहणार, तासाचं भाडं किती, मोडली तर कोण भरणार, सगळं सह्या-अंगठ्यांनिशी. नोंदणी झालेली संस्था असेल, ग्रामसंघ किंवा उत्पादक कंपनी, तर बिल तिच्याच नावानं घ्यावं. आणि एक विचार आम्हाला अलीकडं सुचू लागलाय, की वर्षातून चार दिवस लागणारी वस्तू घ्यायचीच कशाला? आपल्या आया वारंगुळ्यानं कामं करायच्या. आज तू माझ्यात, उद्या मी तुझ्यात. अवजारांचाही वारंगुळा होतो. एकीची कडबाकुट्टी, दुसरीचा फवारणी पंप, तिसरीची मळणी मशीन.

खत-बियाणांत मात्र जुन्या मालाचा विषयच नको. मुदत संपत आलेलं औषध "निम्म्यात घ्या" म्हणणाऱ्याकडून, किंवा दारावर गाडी घेऊन येणाऱ्या सेंद्रिय खतवाल्याकडून काही घेऊ नका. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना ठरलेली आहे, त्याच्यासोबत दुसरी बाटली घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. तशी झाली तर तालुका कृषी कार्यालयात तक्रार करता येते. पावती घ्या, पिशवी आणि लेबल पीक निघेपर्यंत जपा. बियाणं उगवलं नाही तर हातात तोच पुरावा. मालदांडीसारख्या सरळ वाणाची ज्वारी असेल तर घरचंच बी वापरा, त्याहून स्वस्त काही नाही. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळून ठेवा. पंचाहत्तर किंवा जास्त उगवले तर बिनघोर पेरा. संकरित वाणाचं घरचं बी मात्र धरू नका, ते एकसारखं येत नाही.

सरकी पेंड, मीठ, गोणपाट असल्या रोजच्या वस्तू वीस जणींनी मिळून ठोक घेतल्या तर नक्कीच फरक पडतो. गाडीभाडं वाटून घेतात, एवढंच नाही तर घाऊक दुकानदार वीस पोत्यांच्या गिऱ्हाइकाशी बोलतोही वेगळ्या आवाजात. पोती उतरवताना मात्र दोन-तीन वजन करून घ्यावीत.

सांगोल्याचा बाजार रविवारचा. जनावरांच्या बाजाराकडं बायका अजूनही फारशा वळत नाहीत. तिथं रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, आपल्याला कुणी बोट धरू देणार नाही असं वाटतं. जुन्या अवजारांचं तसं नाही, ती उघड्यावर मांडलेली असतात. आम्ही तिघी-चौघी मिळून जातो, एकटीनं जात नाही. एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी वस्तू उलटीपालटी करून बघायची. पिशवीत एक लिंबू असतं, लिटरचं माप, शिंप्याची टेप, पेन्सिल-कागद आणि एक लोहचुंबक. पितळी म्हणून सांगितलेल्या कॉकला चुंबक चिकटलं की बोलणी तिथंच थांबतात. विकणाऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, वस्तूचा नंबर आणि किंमत साध्या कागदावर लिहून त्याची सही घेतो, आणि वस्तूशेजारी त्याला उभं करून फोटो काढतो. प्रामाणिक माणूस हसून उभा राहतो.

महूदच्या ताईंनी कडबाकुट्टी घेतली. साडेसात हजारांना, आणि ट्रे-झाकणासाठी बाराशे वेगळे. बसवून झाल्यावर त्यांनी आम्हाला फोटो पाठवला. ट्रे हातभर लांब आहे, पण झाकणाला दोनच नट दिसतात. चार हवेत, असं त्यांना आजच कळवलंय.